ब्रेकचे आठ दिवस

डाळज,
१३ नोव्हेंबर १९९७

प्रिय नागेश,

अक्षर पाहून हे कुणा पोराचं पत्र वाटेल, पण मीच लिहितोय, डाव्या हातानं. दोन ओळी झाल्या की बोटं आखडतात आणि थांबावं लागतं. मघाशी असाच थांबलो, तर छकुलीनं तिची दुरेघी वही पुढं सरकवली. म्हणाली, "दादा, रेघंवर लिवा." तिसरीतली पोर बापाला गिरवायला शिकवतेय. आधी हसू आलं, मग नाही आलं.

बारामतीला आपल्या कारखान्यात ब्रेकला आपण माहेरपण म्हणायचो, आठवतं? सात महिने भरत आले की मला आठ दिवस घरी बसवायचे, म्हणजे कायम करायला नको. टाइम ऑफिसातल्या खणातून माझं हजेरीचं कार्ड काढताना तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "म्हस्कूला मुराळी आला रं." आमच्या म्हाताऱ्याला मात्र ब्रेक हा शब्द शेवटपर्यंत पचला नाही. जन्म मेंढरांमागं गेलेला. "आजारी न्हाय, सण न्हाय, मग घरी का बसवत्यात?" असं दर वेळी विचारायचा. मी सुट्टी आहे म्हणायचो. साडेचार वर्षांत माझी सात माहेरपणं झाली. तू मधेच कायम झालास. तेव्हा पेढे मीच वाटले होते, आणि मनापासून वाटले होते.

सातव्या माहेरपणाच्या पाचव्या दिवशी तू बोलावलंस आणि मी आलो. प्रेसवरचा माणूस आला नव्हता, माल अडला होता. कार्डावाचूनच उभा राहिलो. चहाच्या सुट्टीला पाच मिनिटं होती, तेव्हाच उजवा हात प्रेसखाली आला. भोंगा तूच वाजवायचास. अजून माझं मन तिथंच अडतं, की पाच मिनिटं आधी वाजवला असतास तर? विचार वेड्यासारखा आहे, तुझा काही दोष नव्हता त्यात.

अंगातला शर्ट फाडून तू माझा हात बांधलास, ते मी विसरलेलो नाही. पण दवाखान्यात डॉक्टर विचारायला लागले तेव्हा कानाशी लागून म्हणालास, "तूर्तास कडबाकुट्टीत गेला म्हण, पुढचं नंतर बघू." मी मान डोलावली. आमच्याकडं कडबाकुट्टी कुठाय, नागेश? म्हाळसा कडबा कोयत्यानं तोडते. तुझं ते तूर्तास चौदा महिने चाललंय. तू म्हणायचास दम धर, वकील म्हणतो पुढची तारीख, आणि साहेब म्हणतात ब्रेकवरच्या माणसाशी आमचा संबंध काय. नुसतं थांबून राहण्याला एवढी नावं असतात हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी म्हाळसा माझ्या शर्टाची बटणं लावून दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जाते आणि मी उंबऱ्यात बसतो. परवा विहिरीच्या काठावर जाऊन बसलो होतो. छकुली हाका मारत आली म्हणून उठलो. फार खचलोय मी. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

गेल्या तारखेला तू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलास. म्हस्कू त्या दिवशी कामावर नव्हता, मला भेटायला आला आणि उगीच मशीनपाशी गेला, असं शपथेवर सांगितलंस. माझ्याकडं पाहिलं नाहीस. तुझी अडचण मला कळते. तुझी सृष्टी आत्ता कुठं शाळेत जायला लागलीय, खरं बोललास तर तुला काढतील. त्या दिवशी घरी आल्यावर म्हाळसाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भावजींनीच बोलावलं हुतं न्हवं?" आणि देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक उचलला.

टाकाखाली तुझी चिठ्ठी होती, रामहरीच्या दुधाच्या गाडीवर पाठवलेली. 'म्हस्कू, उद्या पहिल्या पाळीला ये. माणूस कमी आहे. कार्डाचं मी बघतो. नागेश.' वाचून मी कोनाड्यात टाकली होती, ती नोकरीचा कागद म्हणून तिनं देवाजवळ ठेवली. चौदा महिने मला त्याबद्दल बोलली नाही, कारण भावजी खरं सांगतील याची तिला खात्री होती. वकिलाला अजून मी काही सांगितलेलं नाही. सोमवारी शेवटची तारीख आहे. चिठ्ठी दिली तर मी कामावर होतो हे ठरेल, निदान फाटकावर बसायचं काम तरी मिळेल. पण तू खोटी शपथ घेतलीस हेही ठरेल, आणि मग नुसती नोकरी जाऊन भागणार नाही, तुरुंगही दिसेल. तू होऊन येऊन खरं सांगितलंस तर निदान तेवढं तरी टळेल. म्हणून हे पत्र रामहरीच्याच गाडीवर देतोय. आपला पुकारा अकराला आहे. मी दहापासून कोर्टाच्या फाटकाशी बसतो. चिठ्ठी खिशात असेल आणि अकरापर्यंत मी तिला हात लावणार नाही. ये, नागेश. मला ती काढायला लावू नकोस.

कार्ड नसलं तरी तुझाच,
म्हस्कू