तो अंगठा माझा

मी, सेपेशी इल्का, वय ८१, राहणार बुडापेस्ट, चित्रपट-संकलक म्हणून निवृत्त, डोकं ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने हे लिहिते. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाची पिरी हिला. फिल्म कापायच्या कात्र्याही तिलाच. त्यांनी कोथिंबीर चिरू नये.

२. दिग्दर्शक तिहान्यी आकोश यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. १९७९च्या त्यांच्या चित्रपटातला प्रणयप्रसंग हा पडद्यावरचा सर्वांत खरा शृंगार, असं ते बेचाळीस वर्षं सांगत फिरताहेत. खरा आहेच, पण त्यात त्यांचं कर्तृत्व शून्य. "खरं करा, खरं!" म्हणून ते इतके ओरडले की नायिका रडत घरी गेली. ओरडून का कुणाला प्रेम येतं? मग मी म्हटलं, हात आणि पाठ जवळून घेऊ, जोडायचं माझ्यावर सोडा. हात माझा, पाठ माझ्या नवऱ्याची, डेझोची. तोच आमचा ध्वनिमुद्रक. कॅमेरा लावून घेतला आणि आकोशसकट सगळ्यांना बाहेर काढलं.

माझ्या अंगठ्यावरच्या व्रणावर एका समीक्षकाने तीन पानं लिहिली. 'वासनेची जखम' म्हणे! फिल्म कापताना पातं लागलं होतं. त्याच अंगठ्याने धरून दिलेल्या कपातून या विद्वानाने माझ्याकडची कॉफी प्यायली आहे.

३. त्या दिवशी डेझोने सवयीने ध्वनियंत्रही चालू ठेवलं होतं. त्या फितीत मध्येच थांबून तो मला काहीतरी विचारतो. संकलनाच्या खोलीत आकोश म्हणाले, "काप ते, इल्का. शृंगारात असलं घरगुती कुणी बोलतं का?" मी कापलं, तुकडा मात्र घरी नेला. आयुष्यभर इतकं कापलं, लाज तेवढ्याचीच वाटते.

आता चित्रपट नव्याने दाखवायचाय, म्हणून आकोशना तो आवाज हवाय. गेल्या महिन्यात फुलं घेऊन आले. "कलेसाठी दे की गं, इल्का!"

"पिरी, फुलं पाण्यात ठेव," मी म्हटलं, "साहेब निघालेत."

४. ती ध्वनिफीत शिवणाच्या डब्यात आहे. माझ्या दफनाला भाषण नको. आकोश येतीलच, त्यांना पुढे उभं करावं, कान गेलेत त्यांचे. डेझोशेजारी माझी पेटी उतरली की पिरीने फीत एकदाच वाजवावी आणि खाली माझ्याजवळ टाकावी. त्यात डेझो विचारतो, "गार वाटतंय का गं?"

त्यावर मी हसते. तेवढं संपेपर्यंत माती लोटू नये.

सही: सेपेशी इल्का
बुडापेस्ट, ३ नोव्हेंबर २०२१

आमच्यासमोर, हसत हसत सही केली:
१. होल्लोशी बेर्तालान, शेजारी, निवृत्त पोस्टमन
२. रादनाई एतेल्का, शिंपीण