वर प्रश्न नसलेलं उत्तर

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय छप्पन्न, शिक्षण चौथी. हे मृत्युपत्र लिहिताना डोकं ठिकाणावर आहे, कोणी हात धरून लिहवून घेत नाही. मागाहून कोणी फाटे फोडू नयेत.

१. दोन खोल्यांचं घर, बँकेतली ठेव, दोन बांगड्या हे सगळं एकुलत्या लेकीला. दोन वर्षं ती माझ्याशी बोलत नाही, तरी तिलाच.

२. मशिनी, पेचकस, तेलाची बुधली धाकट्या जावेला. "आमच्या जाऊबाईंच्या जिभेलाच सुई लावलीय," असं ती चारचौघांत म्हणाली होती. विसरलेले नाही. पण हात चांगला आहे तिचा.

३. मशीनदुरुस्तीच्या चर्चेचं ऑनलाइन पान. हे माझ्या नवऱ्याने सुरू केलं. प्रश्न एकीकडे, यांचं उत्तर चाळीस ओळी खाली, "वरच्या ताईंना सांगतो" म्हणून. वरच्या ताई कुठल्या, देव जाणे. ते गेल्यावर सात महिने बसून मी प्रत्येक उत्तर आपापल्या प्रश्नाखाली नेलं. दोरा, सुई, पट्टा असे मथळे दिले. विचारणाऱ्याने "जमलं" लिहिलं की ती चर्चा उचलून संपलेल्या चर्चांच्या पानावर.

लेकीचा फोन आला. "आई, बाबांच्या गप्पा मोडल्यास तू. आता ते नुसते नियम सांगतात."
"पसारा होता, आवरला," म्हणाले. तिने फोन ठेवला तो ठेवलाच.

४. आवरून झाल्यावर यांची अकरा उत्तरं उरली. वर प्रश्नच नाही. कोणीतरी खोडले असतील म्हणून तळाशी ठेवली. मग प्रश्न यायला लागले. अनोळखी बायका, नव्या मशिनी, आणि उत्तर यांनी हयातीतच लिहून ठेवलेलं, तंतोतंत लागू. दहा तशी जागेवर लागली. पहिल्या दोनदा योगायोग म्हटलं. नंतर म्हणणं सोडलं.

अकरावं असं आहे: "त्रास झाला नाही. मशीनवर बसल्या बसल्या गेली. दोरा तोडलेला होता."

याला मशिनीचा प्रश्न लागत नाही.

५. पानाचा पासवर्ड लेकीला. अकरावं उत्तर तिने हलवू नये, त्याच्यावर काही लिहू नये. लेकी, त्याच्या वरचा प्रश्न तूच विचारणार, मला ठाऊक आहे. तिथे विचारू नकोस. बाबांच्या गप्पा मी मोडल्या, हे खरं आहे. मी आहे तोवर घरी ये आणि काय विचारायचं ते माझ्या तोंडावर विचार. याची एक प्रत तुला आजच पाठवते आहे, मरायची वाट बघू नकोस.

सही: लिहिणारी
ठिकाण: पुढची खोली, मशीनजवळ
तारीख: १२, सोमवार, दुपार

साक्षीदार १: समोरचा चष्मेवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मध्ये बोलू दिलं नाही.

साक्षीदार २: पिशव्या शिवणारी, पानावरची जुनी सभासद. मंगळवारी सकाळी, सही करण्याआधी पान उघडून बघितलं. बाईंनी वर अकरा उत्तरं म्हटलंय, तळाशी आणखी एक आहे. त्यांच्या यजमानांच्याच नावाचं, तारीख सहा वर्षांपूर्वीची. "एकटी नव्हती. लेक सकाळीच आली होती." बाईंना अजून सांगितलेलं नाही. खाली रिक्षा थांबली आहे, बाईंची लेक उतरते आहे.