खहर

१२ जून
ती. मामांस,
सा. न. वि. वि. दिवसभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या काचनळ्या धुऊन कंबर वाकलेलीच असते, त्यामुळे नमस्कार आपोआप साष्टांग होतो.

पायाभूत गणिताचा वर्ग सुरू झाला. साठ गुण मिळाले तर विज्ञानाच्या पदवीला प्रवेश. दोनच संधी असतात. गेल्या वर्षी आपटले, म्हणजे ही शेवटची. नववीत तुम्ही मला गणित सोडायला लावून संस्कृत दिलंत. गणित रुक्ष, आपल्या घराण्याचं नव्हे, म्हणालात. ते आता सव्विसाव्या वर्षी निस्तरते आहे.

सर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. काल म्हणाले, शून्याने भागायचं नाही, त्याला व्याख्याच नाही. तुम्हाला पटतं?

लोभ असावा, जमल्यास थोडं गणितही.
ठकू

१९ जून
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, मुद्रणदोष वगळून.

तुझे सर म्हणजे मिसरूड फुटलेलं पाठांतर! शिक्षकाने ‘व्याख्या नाही’ म्हणणं म्हणजे आचाऱ्याने ‘चव नाही’ म्हणणं. जुन्या संस्कृत गणितात शून्याने भागलेल्या राशीला सुंदर नाव आहे: खहर. ख म्हणजे आकाश, शून्य. हर म्हणजे भाजक. खहर अनंत असतो. त्यात काही मिळव, काही काढ, ढिम्म फरक नाही, तुझ्या मामीच्या मतासारखा. पाचाला एक दशांशाने भाग, मग एक शतांशाने. उत्तर फुगतच जातं. मग शून्याने भागल्यावर अनंतच ना? बिनदिक्कत लिही. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतोय, लोकांच्या चुका काढतोय. माझी अजून कुणाला सापडलेली नाही.

लोभ आहेच, तोही खहर.
मामा

३ नोव्हेंबर
ती. मामांस,
नमस्कार.

अठ्ठावन्न.

शेवटचा प्रश्न दोन गुणांचा होता. क्ष तीन असेल तर पाच भागिले (क्ष वजा तीन), याची किंमत काय? बाकी सगळ्यांनी ‘व्याख्या नाही’ लिहिलं. मी ‘अनंत’ लिहिलं, कंसात ‘खहर’.

सरांनी पेपर दाखवायला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, ताई, शब्द छान आहे. पण तीनच्या एका बाजूने गेलात तर उत्तर धन दिशेला पळतं, दुसऱ्या बाजूने ऋण. दोन्हीकडे एकदम कसं असेल? हे वर्गात शिकवलं होतं, तेव्हा तुम्ही मान खाली घालून वहीत काय लिहीत होता?

तुमचं पत्र उतरवून घेत होते.
ठकू

११ नोव्हेंबर
चि. ठकू,
आशीर्वाद कोणत्या तोंडाने देऊ?

पाचाला उणे एक दशांशाने भागून पाहिलं. उणे पन्नास आले. एवढं साधं मला सुचलं नाही. खरं सांगतो: गणित रुक्ष म्हणून नव्हे, नववीत त्यात नापास झालो म्हणून मी संस्कृताकडे वळलो. घराण्याचं वगैरे नंतर रचलं. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडता येतं, म्हणून विद्यापीठाला लिहू म्हणतो की चूक माझी आहे.

अजून लोभ आहे का, एवढं कळव.
मामा

२० नोव्हेंबर
ती. मामांस,
नमस्कार.

विद्यापीठाला लिहू नका. तिथे मामांसाठी रकाना नसतो. पहिल्या वर्षाचे प्रयोग सुरू झालेत. माझ्याच वर्गातल्यांनी वापरलेल्या नळ्या आता मी धुते. तुम्ही नापास झाला होतात, हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर तुमच्यापुढे जायच्या हट्टाने तरी मी गणित ठेवलं असतं.

मामींना नमस्कार. लोभाचं विचारलंत. दोन गुणांचं उत्तर आता पाठ आहे: व्याख्या नाही.
ठकू