गोपिकाचा मुका लॅपटॉप

४ नोव्हेंबर
मुका! नीलेशने बनवलेलं, मजकूर वाचून दाखवणारं ब्राउझरचं एक्स्टेंशन गोपिकाच्या लॅपटॉपवर बसवलं, ‘वाचून दाखवा’ दाबलं — आवाजच नाही. गोपिका माझी नणंद, तिची नजर गेली. तिने आधी टाइप करून ठेवलेल्या आठवणी आता मशीन वाचणार, असा तिच्या जावयाचा, नीलेशचा थाट! फोन केला तर म्हणतो, ‘मामी, माह्या मशीनवर तं चालून राह्यलं!’ मग तुझ्या मशीनलाच ऐकव.

६ नोव्हेंबर
कारण सापडलं. आवाजाची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, परक्याचा. असू दे, सगळं स्वतः लिहायला आयुष्य पुरत नाही. पण उचलली फक्त विंडोजची फाइल! सासूच्या लॅपटॉपवर विंडोज नाहीच, लिनक्स — तेही यानेच घातलेलं. वर मूळ लेखकाचं नाव आणि परवाना पुसून टाकला. ‘वजन कमी होते, मामी.’ आमच्या शाळेतल्या सिस्टर अगाथा न विचारता पेन्सिल घेतली तरी पट्टी मारत. वजन म्हणे!

तोवर रोज वर्ध्याहून पवनारची बस धरून गोपिकाकडे जाते आणि मीच वाचतेय.

९ नोव्हेंबर
‘वहिनीचं वरण म्हणजे धाम नदीचं पाणी.’ लिहिणार ही, आणि मोठ्याने वाचायचं मी!
‘काऊन थांबली वं? वाच ना.’
म्हटलं, ‘थांब, तुझ्या दगडी पुरणपोळ्या मध्ये घालते.’ हसून हसून ठसका लागला तिला. मग चाचपडत चहा केला — दोनदा.

१४ नोव्हेंबर
झालं! विंडोज, मॅक, लिनक्स — तिन्ही प्रकारच्या मशीनच्या फाइली आत घातल्या. एक्स्टेंशन आपलं आपण योग्य ती निवडतं. लेखकाचं नाव, परवाना जागेवर. कॉलेजात उगाच नाही कॉम्प्युटर शिकवला! लॅपटॉप खणखणीत बोलला. गोपिका मात्र, ‘चांगलं हाय,’ एवढंच. कृतघ्न बाई! असो, हेलपाटे संपले.

१६ नोव्हेंबर
गोपिकाचा फोन. ‘वहिनी, बंद पडलं वं. उद्या येजो.’
गेला असेल दिवटा पुन्हा हात घालायला!

१७ नोव्हेंबर
लॅपटॉपवर एक्स्टेंशनच नाही. अंगणात जाऊन नीलेशला फोनवर झापलं. तो हळूच म्हणाला, ‘मामी, आईनंच काढाले लावलं. म्हणे, मशीन वाचाले लागली तं वहिनी कायले येते?’
आत येऊन गोपिकाला सांगितलं — लायब्ररी काही केल्या जुळत नाही. नीलेश गाढव आहे. उद्या येते.