बोलणारा फोन, दोन वर्षांचा करार

३ मार्च २००८
सही केली. दोन वर्षांचा करार. तोवर सेट बदलायचा नाही, कंपनी सोडायची नाही. काउंटरवरच्या मुलीनं जिथं बोट ठेवलं तिथं सही ठोकली. बोट दिसलं, अक्षरं नाहीत.
डॉक्टर म्हणाले होते, डोळ्यातला पडदा वाळतोय, मधलं जे दिसतंय तेही जाईल, दोन वर्षं धरा, फार तर तीन. घरी बायकोला म्हटलं, सुनंदा, माझा आणि फोनचा करार सारखाच. ती जेवली नाही. विनोद कधी करायचा ते मला ह्या वयातही कळत नाही.
आता ही वही स्केचपेननं. पानावर सहा-सात ओळी मावतात.

७ मार्च, शुक्रवार
सुट्टी. बदलापूरला, शिरगावात गवळी सरांकडे. सर जन्मांध, बँकेत टेलिफोनवर असतात. त्यांनी फोनमध्ये बोलणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. बटण दाबलं की सांगतो कुठलं दाबलं, मेसेज आला की वाचतो. आवाज कुणा इंग्रज माणसाचा. नाव ठेवलं गोरा.
सर बजावून म्हणाले, "ह्याचं लायसन ह्या एकाच सेटला बांधलंय. फोनच्या पोटात एक नंबर असतो, त्याला. सेट गेला की आवाज गेला. जपा."
किती वर्षं चालेल विचारलं.
"माझा हा तिसरा. दर वेळी वाटतं, हा पुरेल."

२० मार्च
केमिकल कंपनीत माझं डिस्पॅचचं काम आता सगळं मेसेजवर आलंय. ट्रान्सपोर्टवाले गाडीचा नंबर पाठवतात, मी लोडिंगला ओरडून सांगतो कुठल्या गाडीत कुठले ड्रम. एका कानात इअरफोन. गोरा नंबर छान वाचतो, बाकी ‘गाडी निघाली’चं पार वाटोळं करतो. देसाई साहेबांना वाटतं मी क्रिकेट ऐकतोय. वाटू दे. "चष्म्याचा जरा त्रास आहे," एवढंच सांगितलंय. ॲसिडच्या ड्रमांजवळ आंधळा माणूस कोण ठेवेल? मी साहेब असतो तर मीही ठेवला नसता. रिटायरला अजून बारा वर्षं.

१४ एप्रिल
विहारात बावीस प्रतिज्ञा दरवर्षी मीच म्हणून घेतो, कागद हातात धरून. पाठ आहेत, तरी कागद लागतो. यंदा मध्येच एक गाळली. मागून कोणा बाईनं ती म्हटली, सगळ्यांनी तिच्यामागे म्हटली, पुढे गेलो.
घरी सुनंदा: "हातात काय धरलेलं माहितीये का? रेशनकार्डाची झेरॉक्स."
आमच्या बुवापाड्यात कोणी एका शब्दानं बोललं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

२२ जून
महिना संपत आला, एक चूक नाही. साहेब म्हणाले, "साळवे, तुमचं रेकॉर्ड एकदम क्लीन." गोऱ्याला मनात सलाम केला. बऱ्याच दिवसांनी वरणभात दोनदा मागून घेतला.

११ ऑगस्ट
पाचचं बटण आत गेलंय. त्याच्यावरचा ठिपका चाचपून बाकीची बटणं सापडतात, नेमकं तेच. आमच्या कंपनीच्या हवेत लोखंडी जिनासुद्धा वर्षभरात खाल्ला जातो, तिथं ह्याचं काय. सुनंदानं प्लास्टिकची पिशवी शिवून दिली. आता फोन पिशवीत.
दुकानात विचारलं. मुलगी म्हणाली, "काका, हे मॉडेल बंद झालं." पाच महिन्यांत! करार संपायला अजून दीड वर्ष, आणि त्यांच्या दृष्टीनं हा आत्ताच म्हातारा.

१ सप्टेंबर
दिवसातून तीनदा बंद पडतो. गोरा अर्ध्या नंबरावर गप्प. कस्टमर केअर म्हणते, सर्व्हिसला द्या, महिना लागेल, बदलून मिळणार नाही, तसं करारात आहे. महिना? इथं दोन दिवस काढणं मुश्कील.
डोळ्याचंही मधलं धुरकट व्हायला लागलंय. डॉक्टरांचा हिशेब चुकतोय बहुतेक.

५ सप्टेंबर, शुक्रवार
उल्हासनगर. लछूभाईच्या दुकानात. सासऱ्यांचा रेडिओ ह्यानंच दोनदा जिवंत केलेला.
"साईं, टेन्शन मत लो. डाटा कुछ बचाना है?"
"फक्त फोननंबर. बाकी आतलं काय बदलायचं ते बदल, चालू करून दे."
(हे आठ तारखेला लिहितोय. माझं वाक्य जसंच्या तसं.)

८ सप्टेंबर
फोन आणला. लछूभाई खुशीत. "पुराना बोर्ड तो पूरा सड़ गया था. मैंने बोर्ड ही नया डाल दिया, अपने आदमी के लिए." चालू केला. थरथरला. गोरा काही बोलेना.
सुनंदानं स्क्रीन वाचली. इंग्रजीत आहे, म्हणाली, लायसन चालत नाही असं काहीतरी.
गवळी सरांना फोन. त्यांनी आधी काय बदललं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "बोर्ड बदलला म्हणजे पोटातला नंबर बदलला. तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"
नाही सांगितलं. सहा महिने रोज जपला आणि एवढं एकच सांगायचं होतं, ते नाही सांगितलं.
तसाच परत उल्हासनगर. जुना बोर्ड भंगारात गेलेला, "कल ही माल उठा." लछूभाईचा चेहरा मला दिसला नाही, पण हात धरून ठेवला त्यानं. "मेरे को बोलना था ना, साईं." त्याच्यावर रागावता येईना. स्वतःवर मात्र इतका राग आला की रिक्षात रडलो.

१६ सप्टेंबर
सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगितलंय, मेसेज नको, फोन करा. एकदोघे हसले, "साळवे भाऊ, पढना भूल गये क्या?" मीही हसलो.
सरांनी सॉफ्टवेअरवाल्यांना मेल केलाय, लायसन नव्या नंबरावर करून द्या म्हणून. उत्तर नाही.

२२ सप्टेंबर
एकानं फोन न करता मेसेजच टाकला. गाडी बदलल्याचा. मला कळलाच नाही. एकाच गाडीत ॲसिडच्या ड्रमांवर कॉस्टिकचे चढले. गेटवर वॉचमननं लेबल बघून अडवली म्हणून निभावलं. ॲसिड-कॉस्टिक एकत्र आलं की उकळतं, एक ड्रम जरी गळला असता तर.
त्या गाडीचा ड्रायव्हर मध्ये माझ्याकडे पाणी प्यायला आला होता. दोन ग्लास प्यायला, दुवा देऊन गेला. त्याला काही माहीत नाही. मला माहीत आहे.
भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली.

२४ सप्टेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझाच फोन माझ्यापुढे धरला. "हा मेसेज वाचा."
नाकाला लावला. उजेड दिसला नुसता.
"साहेब, मला दिसत नाही."
"कधीपासून?"
"फोन घेतला त्याच्या आधीपासून."
ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "आणि मी तुम्हाला ॲसिडवर ठेवलं होतं, साळवे." मग म्हणाले, शनिवारी डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन या, बघू. बघू म्हणजे काय, ते विचारायची छाती झाली नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
हे अक्षर सुनंदाचं. मी सांगतो, ती लिहिते. परवाचं मी आधीच्याच ओळींवर लिहिलं होतं, तिनं ते लावून शेजारच्या पानावर उतरवून घेतलं. त्या निमित्तानं मागचं सगळं वाचलं. झेरॉक्सपासून ड्रायव्हरपर्यंत. वाचून झाल्यावर चहा ठेवला.
सरांचा फोन आला होता. मेलला उत्तर नाही अजून. जुन्या मॉडेलला सॉफ्टवेअरवाले आता विचारतील का, सरांनाही शंका आहे.
उद्या साहेबांकडे. सर्टिफिकेट पिशवीत ठेवलंय. सुनंदा गेटपर्यंत येते म्हणते. मी म्हटलं, आत मी एकटा जाणार, जिन्याच्या पायऱ्या मला पाठ आहेत.
म्हटलं, लिही, मला भीती वाटत नाही.
ती म्हणाली, "खोटं मी लिहिणार नाही."
मग लिही, म्हटलं. वाटते.
लिहिलं तिनं.