माजघराला भोक पाडल्याची हकीकत

मुक्काम डोंगरकडा,
कार्तिक वद्य तृतीया

तीर्थस्वरूप तातेरावमामा यांच्या पायांवर डोके ठेवून सिंधू लिहिते, की इकडे सर्व जण जिवंत आहेत. (खुशाल आहेत असे लिहिणार होते, पण दगडोबा भावजींच्या अंगठ्यावर पहार पडली आहे, तेव्हा खुशाल लिहिणे खोटे झाले असते.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? तांबडी गाय यंदा तरी सरळ व्याली का? हे पत्र तुम्हाला रामकिशन मास्तर वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार. मास्तर, ज्या कंसात तुमचे नाव असेल तो कंस मनातल्या मनात वाचावा. बाकीचे कंस मोठ्याने वाचायला हरकत नाही.

मामा, आमच्या घराण्यात शाळेत गेलेली मी पहिलीच, आणि पाठवलेत तुम्ही. त्यामुळे पुढे जे घडले त्याचा थोडा दोष तुमच्याकडेही येतो, हे लहान तोंडी मोठा घास घेऊन लिहिते. चौथीच्या वर्षी मास्तरांनी आरोग्याच्या पुस्तकातला धडा शिकवला होता, की माणूस श्वास सोडतो त्यातून कार्बानिक वायू बाहेर पडतो, आणि बंद घरात तो साठला की डोके जड होते, जीव घाबरा होतो. तेव्हा मी तो धडा पाठ केला आणि विसरले. पण दसऱ्यानंतर इथे जमिनीतले ज्वारीचे पेव उघडले. तोंडावरचा दगड काढल्यावर सासरे नामाजी यांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. दोन हात खाली गेला आणि कोणी चिमटीत धरल्यासारखा विझला. सगळे जण मागे सरकले. एक दिवस पेव तसेच उघडे ठेवले, दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, मग माणूस उतरला. त्या दिवसापासून मला स्वस्थ झोप नाही. कारण आमच्या माजघरालाही पेवासारखे बाहेर उघडणारे एकच तोंड आहे, खिडकी नाही, झरोका नाही, वर मातीचे धाबे, आणि आम्ही आत नऊ जण निजतो. पुस्तकात एका माणसाला किती हवा लागते ते दिले होते. मी हाताने भिंती मोजून हिशेब केला, तर आमच्या माजघरात साडेतीन माणसेच जगू शकतात असे निघाले. नऊच्या नऊ जण रोज सकाळी उठून चहा मागतात, त्यामुळे हिशेब चुकला असेल म्हणून पुन्हा केला. सव्वातीन आले.

मला त्या माजघराला एक झरोका हवा होता. सून म्हणून दुसरे काही मी मागितलेले नाही, बांगडीसुद्धा नाही. पण मी आता एकटीपुरता श्वास घेत नाही. (मास्तर, मागचे वाक्य गाळावे. वाचून झाले असेल तर खोकावे.)

सासऱ्यांना मी सासूबाईंच्या मार्फत विचारले. त्यांचे म्हणणे पडले, की पेव आठ महिने बंद असते आणि घर रोज उघडते. शिवाय, "पेवात जवारी ऱ्हाती, सूनबाई. आतापत्तर एक तरी दाणा गुदमरून मेला का?" मग कंदील घेऊन मी माजघराच्या चारी कोपऱ्यांत फिरले, की कुठे तरी विझेल. तो काही विझला नाही. दगडोबा भावजी बाजेवर पडून बघत होते, म्हणाले, "वैनी, काय हरवलं वो? अन् लढाईपायी राकेल भेटून न्हाई राहिलं, तुमी दिवसा काहून जाळून राहिल्या?"

तेव्हा मास्तरांनी वर्गात केलेला प्रयोग मला आठवला. मी चुनाळीतला चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला, वरची स्वच्छ निवळी चार वाट्यांत ओतली आणि माजघराच्या चार कोपऱ्यांत ठेवली. वायू असेल तर निवळी पांढरी होणार. सकाळी चारही वाट्यांवर सायीसारखा पांढरा पापुद्रा. मला इतका आनंद झाला की मी डोक्यावरचा पदर विसरून सासऱ्यांच्या पुढ्यात गेले. सासूबाई चंद्रभागाबाईंनी मात्र वाटी उचलून नाकाशी धरली आणि, "लेकराच्या पोटाला द्यायची निवळी, कोन्या मेल्यानं नासवली?" म्हणून शेजारणींचा उद्धार सुरू केला. मी सांगितले की ही आपल्याच श्वासाची करणी आहे. (करणी हा शब्द वापरायला नको होता. हे मला तेव्हाच कळले.) पटावे म्हणून पपईच्या पानाचा पोकळ देठ ताज्या निवळीत बुडवून मी फुंकले, ती दुधासारखी झाली. भावजींनी देठ ओढून घेतला, त्यांचीही झाली. सासूबाईंनी तोंड फिरवून, नको नको म्हणत, पण शेवटी फुंकले, आणि त्यांची सगळ्यांत लवकर झाली. त्या दिवशी त्यांनी चार वेळा चूळ भरली.

संध्याकाळपर्यंत गावात अशी बातमी होती, की नामाजीच्या सुनेच्या वाटीत फुंकले की पोटातले पाप पांढरे होऊन वर येते.

आता मामा, याच आठवड्यात वसराम धनगराची काळी शेळी हरवली होती. गाभण, आज-उद्या व्यायची. वसरामची खात्री होती की ती कोणी तरी लांबवली, आणि त्याला चौघांचा संशय होता. तो पाटलांकडे गेला, की साक्षीपुरावा राहू द्या, नामाजीच्या घरी निवळी फुंकवा. पाटलांना हे पसंत पडले, कारण यात चालावे कमी लागते. दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर सगळे आमच्याकडे आले. अंगणात बसा म्हटले तर पाटील म्हणाले, वाऱ्यात पाप उडून जाईल. म्हणून आमच्याच माजघरात, दार लावून, वर फटीला घोंगडी कोंबून, बावीस माणसे बसली. (मी मोजली. हिशेबाप्रमाणे सव्वातीन.) पानतंबाखू झाली, तिघांनी चिलीम पेटवली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड निवळीचे लोटे घेऊन उभी होते, आणि काय होणार ते त्या घरात एकट्या मला माहीत होते.

पहिल्या संशयिताने फुंकले, पांढरी. "सापडला!" म्हणून ओरडा झाला. दुसऱ्याने फुंकले, पांढरी. तिसरा आणि चौथा, पांढरी. चार जणांनी मिळून एक शेळी नेली असे ठरत होते, तेवढ्यात चौथा म्हणाला, वसरामलाही फुंकू द्या. वसराम छाती काढून पुढे झाला, फुंकला, आणि त्याची ताकासारखी झाली.

पाटील म्हणाले, "तुझी शेळी तूच चोरली व्हय रं?"

वसरामने लोट्यात डोकावून पाहिले. "आसंल बी, पाटील," तो म्हणाला, "मला तं काई याद येईना झालंय."

मला राहवेना. पण मी पाटलांशी कशी बोलणार? दाराआडून सासूबाईंच्या कानात सांगितले, की हा वायू प्रत्येक माणसाच्या श्वासात असतो, त्यात कोणाचा काही दोष नाही. सासूबाईंनी सासऱ्यांना सांगितले, की समद्यांच्याच पोटात हाय म्हणती. सासऱ्यांनी घसा साफ करून पाटलांना सांगितले, की सूनबाईंच्या मते इथे बसलेले समदे सारखेच हायेत. पाटील लाल झाले. "म्हंजी म्या बी शेळीचोर?" असे म्हणून त्यांनी देठ हिसकावला आणि साऱ्या गावादेखत असे काही फुंकले की निम्मी निवळी मिशीला लागली. उरलेली पांढरीफटक.

घोंगडी तशीच, चिलमीचा धूर तसाच, बावीस जण एकमेकांकडे बघत, घामाने निथळत. कोणी जांभई दिली, मग सगळ्यांनी दिली. तेवढ्यात पाटलांचे डोळे फिरले. "माझं डोस्कं गरगरून राहिलं," एवढे म्हणून ते आडवे झाले. एकच धांदल उडाली. दार उघडून त्यांना अंगणात आणून टाकले, आणि चार श्वास घेताच ते उठून बसले. त्यांनी एकदा आमच्या दाराकडे पाहिले, एकदा आभाळाकडे, आणि निकाल दिला. माणसे चांगली आहेत. घरच पापी आहे. आत पाप तुंबले आहे आणि जो आत जातो त्याच्या पोटात शिरते. आजच्या आज भिंतीला भोक पाडून ते बाहेर काढावे.

मामा, मी हो म्हणावे की नाही? कारण चूक होते, पण भोक बरोबर होते. खरे सांगायचे तर पदराआड मी तोंड घट्ट मिटून घेतले. दगडोबा भावजींनी पहार घेतली, सव्वा हात जाडीची भिंत, तिसऱ्या घावाला अंगठ्यावर, पण हातभर चौकोनी भोक पडले. सासूबाईंनी पाप वाटेत अडकू नये म्हणून त्याला हळदकुंकू वाहिले.

तिन्हीसांजेला वसराम पळत आला. शेळी सापडली होती. कोणी नेली नव्हती. वसराम तिला रात्री कुडाच्या बंद खोपटात कोंडत असे. दिवस भरले तशी ती दोरी तोडून थेट वरच्या माळावर जाऊन पळसाखाली मोकळ्या वाऱ्यात व्याली होती. दोन करडे, दोन्ही धडधाकट. त्या चौघा संशयितांनाच वसरामने खरवस दिला.

कळावे, लोभ आहेच, तो वाढण्याइतकी जागा तुमच्या घरात आहे. मामींना साष्टांग नमस्कार.

आपली आज्ञाधारक भाची,
सिंधू

ता. क. एक गोष्ट लपवली तर मला अन्न गोड लागणार नाही. मी पाचवी वाटी अंगणात, उघड्या आभाळाखाली ठेवली होती. तिच्यावरही पापुद्रा आला. जरा उशिरा आला, पण आला. मी ती कोणाला न दाखवता तुळशीत ओतली. मास्तर, असे होते का? होत असेल तर मी कोणाकोणाची माफी मागायची ते क्रमाने कळवावे.

ता. क. दुसरा. मास्तर, आता पत्र खाली ठेवून मामींना बोलवावे आणि पुढचे त्यांच्या कानातच सांगावे. मामी, मला पाचवा महिना आहे. रीतीप्रमाणे मामा माघात मला न्यायला येतील आणि पहिले बाळंतपण कुरुंद्याला, आपल्या मधल्या खोलीत होईल. मामी, मला त्या खोलीची भीती वाटते. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही त्या खोलीत होतात. दाराला गोधडी, बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी, आणि तुमची दोनदा शुद्ध गेली. बाहेरचे काही असेल म्हणून वरून मिरच्या जाळल्या. मी उंबऱ्याशी बसून रडत होते. ते बाहेरचे नव्हते मामी, ते आतलेच होते, आणि त्याला जायला वाट नव्हती. माझी सगळी हकीकत एवढ्याचसाठी. मी यायच्या आधी त्या खोलीला एक खिडकी पाडून घ्या. वसरामच्या शेळीला जेवढा वारा मिळाला, त्याचा चौथा हिस्सा मला पुरे.

ता. क. शेवटचा. खिडकीची जागा मामांनी स्वतः बघून ठरवावी, आमच्या भावजींसारख्या कोणावर सोपवू नये. आमचे भोक गोठ्यात उघडले आहे. ढवळ्या बैल आत तोंड घालून रवंथ करतो आणि त्याच्या श्वासाने निवळी सर्वांत लवकर पांढरी होते. म्हणून सासूबाईंनी कालपासून त्यात गोधडी कोंबली आहे, आणि खरे सांगायचे तर मीच त्यांना ती धरून दिली. तरी तुम्ही खिडकी पाडाच. त्यात गोधडी कोंबायची की नाही, ते मी तिथे आल्यावर बघीन.