सुईवाली जाळी

९ जानेवारी
हातांचा लवंगेचा वास जात नाही. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात रोहू गुंगवायचे, पोटात चट्ट्यांच्या रोगाची लस टोचायची, खुणेसाठी कल्ल्यामागचा डावा पर जरासा कापायचा आणि तळ्यातल्या एका जाळीत सोडायचे. दुसऱ्या जाळीतल्यांना काहीच नाही, तुलनेसाठी. प्रयोग करणाऱ्या डॉ. मॅडम मत्स्य कॉलेजात परत. बजावून गेल्या: रक्त तपासेपर्यंत विक्री नाही, औषध नाही. आमचे हे नको म्हणत असताना मीच हौसेने प्रयोगाला हो म्हटलं.

१४ जाने.
संक्रांत. माहेरी गोंदियाला जायचं होतं, राहिलं. हे भरवेलीला खाणीत. तळ्याच्या राखणीला मी आणि मामाजी, माझे सासरे. थंडी मरणाची. मॅडम फोनवर म्हणाल्या, पाणी गार असलं की माशांच्या अंगात लसीची ताकद सावकाश तयार होते. म्हणजे सुई दिली, पण अजून लागू नाही. छान.

१८ जाने.
साध्या, बिनसुईच्या जाळीत रोग आला. लाल चट्टे, शेपटीशी जखमा. मॅडमना विचारलं, यांनाही आता टोचू? म्हणाल्या, आजारी माशाला लसीचा उपयोग नाही. मग पाण्यात लाल दवा, परमँगनेट, टाकू? "पाणी एकच आहे. सुईवाले लसीने वाचले की दव्याने, कसं कळणार?" बरोबरच आहे त्यांचं. पण काठावर बसून मरणं मी बघायची. इथून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

२० जाने.
सकाळी मामाजी हातजाळं घेऊन पाण्यात. साध्या जाळीतले मलूल मासे उचलून सुईवाल्या जाळीत सोडत होते! म्हणाले, "तिकडच्याइले सुई हाय ना बाई. त्याइच्या संगतीनं हे बी वाचतीन."
संगतीने रोग पसरतो, लस नाही. हे सांगता सांगता माझा आवाज चढला. ते पायरीवर बसले. "मले त्याइचं मरनं पाहवत नाही," एवढंच. जेवले नाहीत. मीही नाही.
मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, तळं तुमचं आहे, दवा टाकायचा तर टाका, पण टाकलात की प्रयोग संपला. सुटका माझ्याच हातात ठेवली. ही कसली सुटका?

२२ जाने.
चांगलं ऊन. पाणी तापलं की लस जोर धरेल, रोगही धरेल.
मामाजी वारासिवनीहून लाल दवा घेऊन आले. बादलीत कालवून ठेवलाय. स्वतः टाकत नाहीत. दोनदा म्हणाले, "तू सांगशीन तसं."
वही घेऊन काठावरच बसलेय. सुईवाल्या जाळीत एक मासा मेलेला तरंगतोय. डावी कूस पाण्यात, खुणेचा पर दिसत नाही. अख्खा असला तर मामाजींनी आणलेला. कापलेला असला तर सुईवाला, म्हणजे लसही…
मी म्हटलं, आधी पर बघू. मामाजी बादली खाली ठेवून पाण्यात उतरलेत.